लाल झाकण, निळं झाकण

“मी केलं! माझ्याच हातून झालं ते!”

अक्का हे इतक्या मोठ्याने बोलली, की शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चिमटा हातात धरूनच थबकली. त्रेसष्ट वर्षांच्या आयुष्यात अक्काने कधी ओरडून काही मागितलं नव्हतं, ओरडून काही नाकारलं नव्हतं, आणि आज ती एक धडधडीत खोटं दवंडी पिटावी तसं सांगत सुटली होती!

गच्चीवर चाळीस काळ्या पिशव्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यांत मातीचा कणही नव्हता. नुसता नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि प्रत्येक पिशवीत वरून सोडलेली एक बारीक नळी, जिच्या तोंडातून खताचं पाणी थेंबथेंब ठिबकायचं. परवापर्यंत या पिशव्यांतून लेट्यूसचे कुरळे गड्डे, दोरीने वर बांधलेले टोमॅटो आणि हातभर लांब काकड्या अशा माजल्या होत्या, की दोन ओळींतून चालायला वाट राहिली नव्हती. आज गुरुवार, सकाळचे आठ वाजलेले, आणि सगळ्यांनी माना टाकल्या होत्या. लेट्यूस तर हात लावला की चुरा होत होता. आणि कोपऱ्यातला पंप मात्र आपला ठरल्या वेळेला चालू होत होता, ठरल्या वेळेला बंद होत होता! तो गुरगुरतोय म्हणजे पाणी पोहोचतंय, अशा भरवशावर दोन दिवस घरातलं कुणी वर फिरकलं नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत भर उन्हाळ्याच्या उन्हाने आपलं काम चोख करून ठेवलं होतं.

उलट्या बादलीवर छोट्या बसला होता. सहा फूट उंच, बावन्न वर्षांचा, डोक्याला टक्कल पडलेला माणूस. पण तो नऊ वर्षांचा असताना अक्काने त्याला छोट्या म्हटलं आणि ते नाव काही अजून वाढायला तयार नव्हतं. त्याचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. ओठ हलत होते. “मी... मी...” एवढंच काहीतरी तो म्हणू पाहत होता, आणि त्याच वेळी अक्काने आपल्या त्या आवाजाने त्याचे शब्द बुडवून टाकले होते.

दारात तिची भावजय उभी होती, बालवाडीला निघालेली, खांद्याला पिशवी, केसांत कालच्या खडूची पूड. तिने एकदा झाडांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग नणंदेकडे वळून अगदी हळू विचारलं, “काय केलंत तुम्ही?”

“काल परवा... टाकीत खत मीच घातलं,” अक्का म्हणाली. “घाईत दोन्ही बाटल्या एकदम ओतल्या. साका झाला, नळ्यांची तोंडं तुंबली. माझं म्हातारीचं लक्ष नव्हतं गं.”

छोट्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं हे वाचायला अक्काला क्षणही लागला नाही, निदान तिला तसं वाटलं. पोरगं सुटलं, असं तिचं मन म्हणालं.

खरं काय झालं होतं ते अक्काला सकाळीच कळलं होतं. सात वाजता सगळ्यांच्या आधी ती वर आली होती. टाकीचं झाकण उघडून पाहते तो तळाशी फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका! आणि शेजारी छोट्याचा मग, डाव्या हाताने धरता यावा म्हणून त्यानेच तारेचा मोठा कान बसवलेला, आणि त्या मगाला आतून वाळलेला पांढरा थर. क्षणाचाही विचार न करता तिने तो मग नळाखाली धरला आणि नखाने खरवडून लख्ख केला.

हे बाटल्यांचं प्रकरण तिनेच त्याला पहिल्या दिवशी समजावलं होतं. मातीविना झाड वाढवायचं म्हणजे मातीत जे जे असतं ते पाण्यातून द्यावं लागतं. आणि ते सगळं एका बाटलीत नांदत नाही म्हणून दोन बाटल्या, एकीचं झाकण लाल, दुसरीचं निळं. आधी टाकीभर पाण्यात लाल घालायची, ढवळायची, मग निळी. पाण्याविना दोन्ही अर्क समोरासमोर आले की गोठून दगड होतो. “दोन जावांसारखं आहे बघ,” अक्काने सांगितलं होतं, “मोठ्या घरात गुण्यागोविंदाने नांदतात, पण एका चुलीशी उभ्या केल्यास की घर डोक्यावर घेतात.” तेव्हा छोट्या आजारपणानंतर पहिल्यांदा हसला होता, तोंडाच्या एकाच बाजूने.

दीड वर्षापूर्वी तो कामावर होता, उंच इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करणारा पहिल्या नंबरचा कारागीर. एके दुपारी वरच्या यंत्राच्या खोलीत त्याच्या उजव्या हातातून पाना गळून पडला, आणि तो उचलायला वाकलेला छोट्या स्वतःच्या पायावर उठलाच नाही. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, पाय पुष्कळसा परत आला, हात थोडासा. पण शब्द मात्र अडकून अडकून येऊ लागले, आणि कशाच्या आधी काय करायचं याचा क्रम मधूनच हरवायचा. कधी बुटावरून मोजा चढवायचा, कधी ओट्यावर दूध ओतून मग कप शोधत बसायचा. तेव्हापासून घरात सगळे त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत होते. कुणी आवाज चढवायचा नाही, कुणी चूक काढायची नाही, असा अलिखित नियमच झाला होता. त्याने बूट उलटे घातले तर भावजय “छान!” म्हणायची आणि तो आरशासमोर गेला की हळूच बदलून द्यायची. कोपऱ्यावरचा दुकानदारसुद्धा त्याच्याशी पाळण्यातल्या मुलाशी बोलावं तसं बोलायचा.

अक्काने तर त्याच्यासाठी नोकरीच सोडली. अडतीस वर्षं ती एका दवाखान्यात कंपाउंडर होती; म्हाताऱ्या डॉक्टरांच्या काळात औषधं तिथेच मिसळून बाटलीत भरायची, आणि बाटलीवर कात्रीने कापलेली डोसाची कागदी पट्टी चिकटवायची, ती कधी तिरकी गेली नाही. वीस वर्षांची असताना आई-वडील पाठोपाठ गेले, पदरात नऊ वर्षांचा भाऊ आला, आणि लग्नाचं जे काही बोलणं चाललं होतं ते तिने स्वतःच्या तोंडाने मोडलं. त्याचा तिला पश्चात्ताप झाला का? खरं सांगायचं तर विचार करायला वेळच झाला नाही. छोट्याने चेंडूने काच फोडली की अक्का शेजारी जाऊन म्हणायची, माझा धक्का लागला. वयाच्या चोविसाव्या वर्षी साऱ्या गल्लीत ती काचा फोडणारी बाई म्हणून प्रसिद्ध होती! पुढे तो कामाला उशिरा पोहोचला की फोरमनला निरोप जायचा, बहीण आजारी होती. कंपनीच्या लेखी अक्का इतक्या वेळा आजारी पडली होती, की ती जिवंत कशी याचंच फोरमनला नवल वाटे.

मग एक दिवस व्यायामाच्या दवाखान्यात छोट्याने खिडकीत एका बादलीत लावलेलं टोमॅटोचं झाड पाहिलं, वरून थेंबथेंब पाणी पडणारं. घरी येऊन त्याने डाव्या हाताने कागदावर वेडावाकडा आराखडा काढला. टाकी, पंप, घड्याळाचं बटण, गाळणी, नळ्या... सात महिने लागले. एकेक नळी दातात धरून, डाव्या हाताने कापून, त्याने चाळीस झाडांना पाणी पाजणारं यंत्र उभं केलं; आणि फोरमन ते बघायला आला तेव्हा त्या मोठ्या मिशीच्या माणसाचे डोळे भरून आले. “शनिवारी कॅन्टीनला आमच्या सगळ्यांच्या ताटात तुझा पाला हवा,” तो म्हणाला होता. “आणि तो घेऊन तू स्वतः यायचंस. मागच्या दाराने नाही, मोठ्या फाटकातून.” त्या दिवसापासून छोट्या बोटांवर दिवस मोजत होता. शनिवार परवावर आला होता. आणि आता गच्चीवर हे स्मशान!

ज्याच्यामुळे तो पुन्हा माणसांत येणार होता तेच त्याच्या हाताने मेलं, हे त्याला कळलं तर तो पुन्हा उठणार नाही, अशी अक्काची खात्री होती. म्हणून ती खोटं बोलली. तिला ते खोटंसुद्धा वाटलं नाही. जन्मभर जे केलं तेच आणखी एकदा.

“वन्सं,” भावजय म्हणाली, आणि अक्काने चमकून वर पाहिलं. तेवीस वर्षं एका घरात काढली, ही कायम अक्का म्हणत आली; वन्सं हा शब्द तिने आज पहिल्यांदा, काठीने सरकवावा तसा, मध्ये आणून ठेवला होता. “वन्सं, मी हात जोडून सांगितलं होतं तुम्हाला. टाकीला हात लावू नका. डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांचं त्यांना करू द्या. सांगितलं होतं की नाही?”

“सांगितलं होतंस.”

“मग? मग का?” तिचा आवाज फुटला. “सात महिने! सात महिने मी या माणसाला एकेक स्क्रू पिळताना पाहिलंय. दातांतून रक्त यायचं त्यांच्या नळ्या ओढताना! आणि तुम्हाला दोन दिवस हात आवरता आला नाही?”

“चुकले मी.”

“तुम्ही कधी चुकत नाही, वन्सं! तुम्ही फक्त मध्ये येता. लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्यांनी घास घ्यायच्या आधी तुम्ही फुंकर घालता. मला माझ्या नवऱ्याची साधी काळजीसुद्धा कधी पहिल्यांदा करायला मिळाली नाही, तुम्ही आधीच करून बसलेल्या असता! तुम्ही या घरात आहात तोवर हे कधी स्वतःच्या पायावर उभे राहणार नाहीत!”

बोलून गेल्यावर ती स्वतःच दचकली. छोट्याच्या घशातून एक आवाज आला, पण तो कोणत्याच शब्दापर्यंत पोहोचला नाही.

अक्काला राग आला नाही. राग यायला माणसाला आपण निर्दोष आहोत हे मान्य करावं लागतं, आणि ती तर नुकतीच साऱ्या दोषाची मालकीण झाली होती. ती खाली आली, कपाटावरची बॅग काढली, चार कपडे भरले. दुपारी निघताना छोट्याच्या खोलीत डोकावली, तर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. “जाते रे,” ती म्हणाली. तो वळला नाही. डोळे भरून आले असतील, दाखवायचे नसतील, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि दार हलकेच ओढून घेतलं.

जायचं कुठे? अडतीस वर्षांची सवय पायांत होती. ते आपोआप दवाखान्याकडे वळले. म्हातारे डॉक्टर केव्हाच गेले होते, आता त्यांची मुलगी बसायची. तिने बॅगेकडे पाहिलं, मग अक्काच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मागच्या खोलीतली खोकी हलवून खाट मोकळी करून दिली.

तिथे दिवस तसे बरे गेले असते... नुसते हातच जगत असते तर! अक्का काउंटरवर बसायची, गोळ्या मोजायची, खोकणाऱ्यांना धीर द्यायची. पण मन सारखं त्या गच्चीवर. रोज संध्याकाळी घरी फोन लावायची. घंटा वाजून वाजून थांबायची. भावजय उचलत नव्हती. अपमानापेक्षा ती न उचललेली घंटा जास्त लागायची. तरी ती मनाला बजावायची, असू दे. तिकडे छोट्याने नवी रोपं लावली असतील. चूक अक्काची होती म्हटल्यावर त्याला कशाला वाईट वाटेल? शनिवार गेला, पुढचा शनिवार येईल.

बाराव्या दिवशी फोरमन खोकल्याचं औषध घ्यायला आला. अक्काला काउंटरवर पाहून आधी दचकला, मग घोटाळला, मग काउंटरवर कोपर टेकून खालच्या आवाजात म्हणाला, “अक्का, तुमचा छोट्या काही ठीक नाही. मी दोनदा जाऊन आलो. गच्चीला कुलूप आहे. वाळलेल्या पिशव्या तशाच पडल्यात म्हणे. जेवत नाही धड. मी म्हटलं, अरे तुझी काय चूक, बहिणीच्या हातून झालं, आपण पुन्हा लावू. तर माझ्या अंगावर उशी फेकली त्याने!”

“उशी?”

“डाव्या हाताने. पण नेम बरा होता.”

अक्का हसली नाही. फोरमन गेल्यावर ती गोळ्या मोजत राहिली आणि तीनदा चुकली. तिच्या हातून मोजणी चुकणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं! मागच्या खोलीत जाऊन ती खाटेवर बसली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिच्या डोळ्यांना धार लागली. मग हे खोटं कुणाच्या कामी आलं? घर गेलं, भावजयीच्या मनातून उतरले, ते सगळं हसत सोसलं असतं, पण ज्याच्यासाठी सोसलं तोच जर अंधारात जाऊन बसला, तर...? तिला काहीच उमगेना. आयुष्यभर तिचं हे औषध कधी फसलं नव्हतं.

सतराव्या दिवशी सकाळी दवाखान्यात गर्दी होती. बाकावर पाच-सहा जण; कुणाचा ताप, कुणाचा गुडघा, आणि कोपऱ्यात एक आजोबा, जे खोकायला लागले की इतरांना बोलणं थांबवावं लागे. अक्का खाली मान घालून चिठ्ठी वाचत होती. एकाएकी समोर सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं.

छोट्या उभा होता! दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली, डाव्या हातात कापडी पिशवी. आणि त्याच्या मागे, धापा टाकत, भावजय. ती बावरलेली होती.

“मला काही माहीत नाही,” ती घाईघाईने म्हणाली, कुणी विचारलं नसताना. “सकाळी उठले, गच्चीवर गेले, पिशवी भरली आणि माझं मनगट धरून निघाले. बसमध्येही एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं दुखतंय काहीतरी... अहो, डॉक्टरांना बोलावू का?”

छोट्याने मान हलवली. पिशवीतून एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. लाल झाकण. मग दुसरी. निळं झाकण.

“ग्लास,” छोट्या म्हणाला.

“छोट्या, हे बघ, तू आधी बस...”

“ग्लास!”

बाकावरच्या एका बाईने घाबरून आपल्या हातातला पाण्याचा ग्लास रिकामा करून पुढे केला. छोट्याने लाल झाकण दातांनी उघडलं, ग्लासात दोन बोटं ओतलं. स्वच्छ पाण्यासारखं दिसत होतं. मग निळं उघडलं. थोडं काउंटरवर सांडलं, बाकीचं ग्लासात गेलं. आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ते पांढरं झालं, दाट झालं, आणि त्यातून चुन्यासारखा साका हळूहळू तळाशी बसू लागला. खोकणारे आजोबासुद्धा खोकायचे थांबले.

छोट्याने ग्लास उचलून बायकोच्या डोळ्यांसमोर धरला. मग ग्लास ठेवला आणि तोच हात स्वतःच्या छातीवर मारला.

“मी.”

“काय?” भावजय म्हणाली.

“मंगळवार. मग... मगात. दोन्ही. मी.” प्रत्येक शब्द तो विहिरीतून बादली ओढावी तसा वर काढत होता. कपाळावर घाम डवरला होता. “अक्का... नाही. मी!”

भावजयीने ग्लासाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग काउंटरच्या मागे, अडतीस वर्षं जिथे उभं राहून तिच्या नणंदेने औषधं मिसळली होती तिथे, त्या मिटल्या ओठांच्या बाईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. “अगं बाई...” ती पुटपुटली. “अडतीस वर्षं ज्यांच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही... त्या दोन बाटल्या एकत्र ओततील? आणि मी... मला एवढंही सुचलं नाही?”

“अगं, त्याचं काही ऐकू नकोस,” अक्का घाईने म्हणाली. जीभ जुन्या वाटेनेच धावली. “त्याला नीट आठवत नाही. मीच केलं होतं. त्याचा गोंधळ होतोय, आजारी माणूस तो...”

“गप्प!”

तळहात काउंटरवर आपटला आणि बाटल्या उडाल्या. आतल्या खोलीतून डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या. तेचाळीस वर्षांत छोट्याने अक्काला कधी गप्प म्हटलं नव्हतं. अक्का खरंच गप्प झाली.

त्याचे डोळे भरून वाहत होते. शब्द ओठांपर्यंत येत होते, परत जात होते. आणि या वेळी त्याचं वाक्य कुणी पुरं करून दिलं नाही. सगळे थांबले. बाकावरचे लोकसुद्धा थांबले.

“हात... गेला,” तो म्हणाला. “नोकरी... गेली. बोलणं... गेलं. एवढं एक... माझं. मी लावलं. मी... मारलं. माझं!” त्याने श्वास घेतला. “तू... तेही... घेतलंस. फोरमन म्हणतो... तुझी चूक नाही. ही म्हणते... तुमची चूक नाही. मग मी... कोण? मी... आहे का... कुणी?”

अक्काला जणू कुणी काठीने मागे ढकललं. ती स्टुलावर बसली. त्या सकाळची त्याची ती नजर पुन्हा तिच्यासमोर उभी राहिली, आणि या वेळी तिला ती नीट वाचता आली. सुटका कुठली! तो तिच्याकडे विनवणीने पाहत होता, की अक्का, एवढं तरी माझ्याकडे राहू दे... चुकला म्हणजे माणूस अजून कामाचा आहे; ज्याच्या हातून काही होतच नाही त्याच्या हातून चूक तरी कुठून होणार? ते एवढंसं, कडू, पण त्याचं स्वतःचं असं जे त्याच्या ओंजळीत आलं होतं, ते तिने नखाने खरवडून नळाखाली धुऊन टाकलं होतं. ज्याला तिने सारा जन्म वात्सल्य म्हटलं, त्याने आज तिच्या भावाला उपाशी ठेवलं होतं!

“अक्का!” भावजय काउंटरला वळसा घालून आत आली आणि तिच्या गुडघ्यांशी बसली, तोंड तिच्या मांडीत लपवून. “मी काय काय बोलले तुम्हाला! घरातून काढलं! कोणत्या तोंडाने...”

अक्काने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नकोस. तू बोललीस त्यातलं निम्मं खरं होतं, म्हणून तर एवढं लागलं. मी मध्ये येतेच गं. मला दुसरं काही येतच नाही.”

“निम्मं नाही, काहीच खरं नव्हतं!”

“निम्मं होतं,” अक्का म्हणाली. “त्यावर आपण घरी जाऊन भांडू. आता ऊठ, पेशंट बघतायत.”

ती उठली. काउंटरपलीकडे छोट्या अजून तसाच उभा होता, ओल्या गालांनी, हात ग्लासाशी, निकालाची वाट बघणाऱ्यासारखा. तिला त्याला पोटाशी घ्यावंसं वाटलं. जाऊ दे रे राजा, होतं असं, असं म्हणावंसं इतकं वाटलं की ते शब्द जिभेवर येऊन बसले. तिने ते गिळले. आयुष्यात एवढं कठीण काम तिने दुसरं केलं नव्हतं. मग तिने चष्मा सारखा केला, ग्लास उचलून उजेडात धरला, आणि असा आवाज लावला की डॉक्टरीणबाईंनाही तो नवीन होता.

“गाढवा!”

छोट्याने मान झटकन वर केली.

“गाढवा, हे काय करून ठेवलंस? दोन्ही अर्क एका मगात ओततं का कुणी? तुला किती वेळा सांगितलं होतं? आधी लाल, मग ढवळ, मग निळं! झाकणांना रंग काय शोभेला दिलेत? आणि ओतलंस ते ओतलंस, वर दोन दिवस ढुंकून पाहिलं नाहीस! पंप गुरगुरतोय म्हणून खुशाल झोपलास! लिफ्टच्या कामात असं करायचास? मोटार चालू आहे म्हणून माणसं वर पोहोचली असं समजायचास का रे?”

“अक्का...” भावजयीने तिचा हात धरायला पाहिलं, सवयीने, दीड वर्षात या माणसाशी कुणी असं बोललं नव्हतं. आणि मग तिचं लक्ष नवऱ्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिने हात मागे घेतला.

छोट्याची पाठ सरळ झाली होती. सहा फूट उंची पुन्हा पुरी सहा फूट दिसत होती. ओठाची एक बाजू वर चढत होती, दुसरी मागून यायची खटपट करत होती, आणि डोळ्यांतलं पाणी थांबायचं नाव घेत नव्हतं. कामावरच्या पोऱ्याने उस्तादापुढे उभं राहावं तसा तो काउंटरला टेकून उभा राहिला.

“चाळीस झाडं मारलीस!” अक्काचा आवाज आता दाटायला लागला होता. “चाळीस! एखाद्या मूर्खाला दहा मारून तरी कळलं असतं...”

पुढचा शब्द फुटेना. तिने चष्मा काढला.

“आणखी,” छोट्या म्हणाला.

“काय?”

“आणखी... बोल.”

आणि अक्का, भर दवाखान्यात, सगळ्या पेशंटांसमोर, रडत रडत त्याला आणखी बोलली.